सर्टिफिकेट विकताय की शिकवताय? स्कुबा कोर्सच्या धंद्यातून घ्यायचा धडा



आजच्या व्हिडिओत आपण 'शिकवण्याच्या धंद्यात दर्जा कसा टिकवायचा' हा विषय घेतला. उदाहरण स्कुबा डायव्हिंगचं होतं. तिथे हिशोब मांडायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे नीट लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या अनेकांनी स्कुबा 'केलेलं' असतं. पाठीवर टाकी, मागून प्रशिक्षकाने धरलेलं, थोडा वेळ मासे बघितले, व्हिडिओ मिळाला. ही झाली ट्राय डाइव्ह. इथे सगळी सूत्रं प्रशिक्षकाच्या हातात असतात आणि ग्राहकालाही ते माहीत असतं.

आपला विषय पुढच्या पायरीचा आहे, म्हणजे ओपन वॉटर कोर्सचा. हे कार्ड मिळालं की तुम्ही जोडीदारासोबत, प्रशिक्षकाशिवाय, 18 मीटर खोलीपर्यंत जाऊ शकता. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, कोकणातली मुलं या क्षेत्रात येतायत. म्हणून हा धंदा आतून समजून घेऊ.

नियम काय सांगतात?

पाडी ही अमेरिकेत 1966 साली सुरू झालेली मोठी प्रशिक्षण संस्था. तिच्या ओपन वॉटर कोर्समध्ये थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रातल्या 4 डाइव्ह असतात. विद्यार्थ्याला 200 मीटर पोहता आलं पाहिजे, 10 मिनिटं तरंगता आलं पाहिजे. समुद्रात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त 8 विद्यार्थी. आता 'जास्तीत जास्त' हा शब्द अधोरेखित करा. धंद्यात नेमकं इथेच पाणी मुरतं. नियमातली कमाल मर्यादा हीच रोजची बॅच होऊन बसते.

दर्जा कुठे घसरतो?

मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते नाकातून हवा सोडून बाहेर काढायचं असतं. घाईच्या कोर्समध्ये काय होतं? आठ जण तळाशी गुडघ्यावर ओळीने बसतात. प्रत्येकाने एकदा करून दाखवलं, प्रशिक्षकाने यादीवर टिक मारली, पुढचा विषय. पण खऱ्या डाइव्हमध्ये कुणी गुडघ्यावर बसत नाही. तिथे न बुडता, न वर जाता, पाण्यात अधांतरी स्थिर राहून तेच करायचं असतं. तो सराव झालेलाच नसतो.

मग 10 मीटरवर मास्क भरतो, माणूस घाबरतो, श्वास रोखतो आणि सरळ वर सुटतो. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना दाब कमी होतो, तशी फुप्फुसातली हवा फुगत जाते आणि पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं, जीव जाऊ शकतो. 'श्वास कधीही रोखू नका' हे वाक्य पुस्तकात असतं, परीक्षेत बरोबर लिहिलेलंही असतं. पण घाबरलेल्या माणसाला वाक्य आठवत नाही, सवय आठवते. आणि सवय लागायला वेळ द्यावा लागतो.

असं का होतं?

प्रशिक्षक वाईट असतात म्हणून नाही. धंद्याची मांडणी तशी असते.

पहिलं, ग्राहकाला फरक दिसत नाही. चांगला शिकलेला आणि कसाबसा उरकलेला, दोघांना सारखंच कार्ड मिळतं. त्यामुळे तो फक्त फी बघतो.

दुसरं, प्रशिक्षकाला दर डोई पैसे मिळत असतील तर 'तू अजून तयार नाहीस' असं सांगताना त्याचाच खिसा कापला जातो.

तिसरं, शिकवणाराच नवखा असू शकतो. पाडीच्या प्रशिक्षक परीक्षेसाठी 100 डाइव्हची नोंद आणि पहिलं कार्ड मिळून 6 महिने, एवढी किमान अट आहे. किमान अटीवर तयार झालेला माणूस पुढच्याला किमानच शिकवतो.

आता हिशोब

आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा बॅचचा ठरलेला खर्च (बोट, पूल, प्रशिक्षक) 36,000 रुपये आणि दर विद्यार्थ्यामागे 6,000.

- 8 विद्यार्थी, फी 18,000: जमा 1,44,000, खर्च 84,000, उरले 60,000.
- 4 विद्यार्थी, फी 18,000: जमा 72,000, खर्च 60,000, उरले 12,000.
- 4 विद्यार्थी, फी 26,000, पूलचा एक जादा दिवस (6,000): जमा 1,04,000, खर्च 66,000, उरले 38,000.

खोटं कशाला सांगू, तिसऱ्या पर्यायात बॅचमागे 22,000 कमीच मिळतात. ते भरून काढायचे पुढच्या कोर्समधून, सहलींमधून, साहित्याच्या भाड्यातून. घाबरून बाहेर पडलेला माणूस पुन्हा पाण्यात उतरत नाही, म्हणजे तो ग्राहक पहिल्याच बिलात संपला. आणि एक अपघात झाला तर कुठलाच हिशोब कामाचा राहत नाही.

तुम्ही सुरू करणार असाल तर

1. 'आलं' म्हणजे काय ते लिहून ठेवा. उदाहरणार्थ, अधांतरी राहून, कशाला न धरता, तीनदा मास्क रिकामा करणं.
2. फी शिकवण्याची आहे, कार्डाची नाही, हे पैसे घेण्याआधी सांगा. जादा सरावाचा दरही तेव्हाच सांगा.
3. बॅचचा आकडा बुकिंग सुरू होण्याआधी ठरवा. पाणी गढूळ असेल तर तो आणखी कमी करा.
4. प्रशिक्षकाला दिवसावर पगार द्या, कार्डावर नको. 'नापास' म्हणायचा अधिकार त्याचा, त्यात मालकाने पडायचं नाही.

गृहपाठ

तुमचा क्लास ड्रायव्हिंगचा असो, ब्युटी पार्लरचा, टॅलीचा की केक बनवण्याचा, एका कागदावर लिहा: माझा विद्यार्थी माझ्याशिवाय, अडचणीच्या वेळी, नेमकं काय करू शकेल? पाच ओळी लिहिता आल्या तर फी वाढवायला घाबरू नका. एकही ओळ सुचली नाही, तर जाहिरात थांबवा आणि आधी अभ्यासक्रम बसवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!