नितळ पाणीही वाढतं

कोलाडहून भिऱ्याकडे जाताना कुंडलिका नदीच्या काठाने आमच्या घरासारखी कितीतरी घरं लागतात. राहत्या घराला जोडून पाहुण्यांसाठी काढलेल्या खोल्या, पडवीत झोपाळा, मागे चूल, आणि परस संपलं की नदी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि थंडीत मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी, यांच्यासाठी मुंबई-पुण्याची माणसं आवर्जून येतात. घर सासूबाईंचं, स्वयंपाक आम्हा दोघींचा, बाकी धावपळ नवऱ्याची आणि दिराची. हा व्यवसाय मला मनापासून आवडतो. म्हणूनच नवीन खोल्या काढणाऱ्यांना आणि राहायला येणाऱ्यांना नदीबद्दल स्पष्ट सांगायचं आहे.

कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. कुंडलिका भर मे महिन्यातही वाहते, कारण तिच्यात घाटमाथ्यावरचं पाणी येतं. मुळशीच्या तलावातलं पाणी मोठाल्या नळांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथे वीज तयार होते आणि मग ते नदीला मिळतं. १९२७ पासून हे चालू आहे. (मुळशीच्या धरणासाठी मावळातली गावं बुडाली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. नदीकाठी चहा पिताना पाहुण्यांना मी हे सांगतेच.) इथलं राफ्टिंगही याच पाण्यावर चालतं. पाणी सहसा सकाळी सुटतं, पण विजेच्या गरजेप्रमाणे वेळ आणि प्रमाण बदलतं. आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही नदी चढते, ती अशी.

एका थंडीत ठाण्याचं कुटुंब आलं होतं. रात्री पोपटी झाली, सकाळी त्यांची दोन मुलं उठल्या उठल्या नदीवर गेली आणि दगडांवर पाय देत मधल्या मोठ्या खडकावर जाऊन बसली. सासूबाई काठावर भांडी घासत होत्या. पुढ्यातल्या दगडावर ठेवलेलं पातेलं हलायला लागलं, पाण्यावरून वाळकी पानं आणि फेस येताना दिसला, आणि त्या उभ्या राहून ओरडल्या, "पोरांनो, पाणी सुटलं! उतरू नका, वर चढा!" मुलं ज्या दगडांवरून गेली होती ते बघता बघता दिसेनासे झाले. त्यांचे वडील पाण्यात उडी घ्यायला निघाले, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांचा दंड घट्ट धरला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही गेलात तर तिघांना काढावं लागेल." दीर राफ्टवर काम करतो. त्याने माणसं बोलावली, वरच्या अंगाने राफ्ट घातला, मुलांना जॅकेटं चढवली आणि काठाला आणलं. मुलांची आई सासूबाईंचे हात सोडायला तयार नव्हती.

त्या सकाळचं एक मला अजून अस्वस्थ करतं. पाणी शेवटपर्यंत नितळ होतं. पावसाचा पूर लाल गढूळ येतो, आवाज करत येतो, माणूस आपसूक मागे सरतो. हे पाणी तळ दाखवत वाढतं, त्यामुळे शहरातल्या माणसाला भीतीच वाटत नाही.

तेव्हापासून पाहुणा आला की चहाआधी नदीबद्दल बोलणं होतं. "जरा जपून" असं मोघम सांगून उपयोग नाही. एकाच जागेचे पाणी सुटण्याआधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावून आम्ही प्रत्येक खोलीत टांगले आहेत. मुलं असोत की मोठे, ते बघून गप्प होतात. परसाला फाटक आहे, रात्री त्याला कुलूप असतं. दारू पिऊन नदीवर जायचं म्हणणाऱ्याला आम्ही हात जोडून नाही म्हणतो. एखादं बुकिंग जातं, जाऊ दे. दोर आणि जॅकेटं पडवीतच हाताशी असतात. आणि व्यवसायातल्या भावंडांना कळकळीची विनंती: भर नदीतल्या खडकावर पाय सोडून बसलेल्या पाहुण्यांचे फोटो जाहिरातीत घालू नका. फोटो बघून आलेला माणूस पहिल्यांदा तिथेच जाऊन बसतो.

खोल्या बांधायच्या असतील तर आधी पूररेषा बघा. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेषा असते ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधू नका, कुणी कितीही म्हणो की पाणी इथवर कधी आलेलं नाही. जमीन घेण्याआधी एक जुलै महिना त्या काठावर काढा. पावसाळ्यात डोलवहाल बंधाऱ्यावरची पातळी बघत चला, तिथे कुंडलिकेची धोका पातळी २३.९५ मीटर आहे. ताम्हिणी घाटात रात्रभर कोसळत असेल तर पाहुण्यांना येऊ नका म्हणून सकाळीच फोन करा आणि पैसे परत द्या. आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ हवा.

राहायला येणाऱ्यांनो, खोलीतून नदी दिसते का हे तुम्ही विचारताच. त्याबरोबर पाणी कधी सुटतं, तेव्हा ते कुठपर्यंत येतं आणि त्या वेळी घरचं कोण काठावर असतं, हेही विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर पुढचं घर बघा.