उतारवयाची तरतूद : कामकऱ्यांसाठीं पेन्शनचा पाठ

रोहा तालुक्यांत धाटाव येथें रसायनांचे कारखाने आहेत, नागोठण्यास पेट्रोरसायनांचा मोठा कारखाना आहे, आणि पेण तालुक्यांत डोलवी येथें पोलादाचा कारखाना आहे. आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ लोक अशा ठिकाणीं कामास जातात. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठींत ‘पी. एफ.’ या नांवाखालीं दरमहा कांहीं रक्कम वजा झालेली दिसते. ती कोठें जाते आणि तिच्याशीं म्हातारपणाच्या पेन्शनचा संबंध काय, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. या अज्ञानामुळें पुष्कळ जण काम सुटतांच सर्व पैसे काढून मोकळे होतात, आणि अंगांतील बळ सरल्यावर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. यास्तव या पाठांत आम्ही मुख्यतः एकच गोष्ट सांगणार आहों : काम बदललें तरी पेन्शनचीं वर्षें मोडूं नयेत.

१. ही व्यवस्था कोणाची? म्हातारपणाची तजवीज कामकरी, मालक आणि सरकार या तिघांनीं मिळून करावी असा कायदा जर्मनीनें १८८९ सालींच केला. आपल्या देशांत १९५२ च्या कायद्यानें प्रॉव्हिडंट फंड स्थापन झाला. त्या वेळीं देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते, ज्यांचें घराणें आपल्या रोह्याचें. पुढें १९७१ सालीं कुटुंबाच्या पेन्शनची योजना आली, आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कामकऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनची योजना सुरू झाली. २०१० मध्यें पेण अर्बन बँकेंत ठेवीदारांचे पैसे अडकले, तेव्हांपासून ‘पैसा कोणाच्या हातीं आहे?’ असें इकडील माणूस प्रथम विचारतो. आणि तें योग्यच आहे. हा पैसा मालकाजवळ राहत नाहीं; कायद्यानें निर्माण केलेल्या संघटनेकडे तो जमा होतो. परंतु मालकानें तो खरोखर भरला कीं नाहीं, यावर कामकऱ्यानेंच नजर ठेविली पाहिजे.

२. दोन वांटे. मूळ पगार व महागाईभत्ता मिळून १२,००० रुपये घेणारा एक कामकरी घेऊं. त्याच्या पगारांतून शेंकडा १२ प्रमाणें १,४४० रुपये वजा होतात. ते सर्व त्याच्या फंडांत जातात. मालकासही तितकेच भरावे लागतात, पण त्यांचे दोन भाग होतात : शेंकडा ८.३३ प्रमाणें सुमारें १,००० रुपये पेन्शनकडे, आणि उरलेले सुमारें ४४० फंडाकडे. पेन्शनकडे सरकारही शेंकडा १.१६ घालतें. मालकानें आपला वांटा कामकऱ्याच्या पगारांतून कापणें बेकायदेशीर आहे. पेन्शनसाठीं धरावयाच्या पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये ठरली. त्या तारखेनंतर याहून अधिक पगारावर जो प्रथमच सभासद झाला, तो पेन्शनच्या योजनेंत येत नाहीं.

फंडावर दरवर्षीं व्याज चढतें. पेन्शनच्या वांट्यावर तसें व्याज दिसत नाहीं, म्हणून पुष्कळांस तो पैसा वायां गेला असें वाटतें. तसें नाहीं. फंड ही सांठविलेली रक्कम आहे. पेन्शन हा वर्षें भरून मिळविलेला हक्क आहे.

३. दहा वर्षांचा नियम. पेन्शन मिळण्यास निदान १० वर्षांची नोकरी भरावी लागते, आणि तें वयाच्या ५८ व्या वर्षीं सुरू होतें. पन्नाशीनंतर लवकरही मागतां येतें, पण जितकीं वर्षें आधीं घ्यावें तितक्या वर्षांमागें शेंकडा ४ कमी होतें. हिशेब असा : शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराच्या सरासरीस नोकरीच्या वर्षांनीं गुणावें आणि ७० नें भागावें. १२,००० पगार व १४ वर्षें असल्यास महिना २,४०० रुपये येतात. वीस वर्षें भरून ५८ व्या वर्षीं निवृत्त होणाऱ्यास दोन वर्षें अधिक धरून मिळतात. त्यास महिना सुमारें ३,७७१ येतील.

आतां असा कामकरी पाहा, ज्यानें एका ठेकेदाराकडे सहा वर्षें आणि दुसऱ्याकडे आठ वर्षें काम केलें. दोन्ही जोडलीं तर चौदा होतात. पण पहिलें काम सुटतांच त्यानें फॉर्म १०-सी भरून पेन्शनचाही पैसा काढला असेल, तर तीं सहा वर्षें गेलीं. उरलेल्या आठांवर पेन्शन नाहीं. याऐवजीं त्याच फॉर्मवर योजनेचें प्रमाणपत्र मागतां येतें, म्हणजे वर्षें शाबूत राहतात. नवें काम लागल्यास जुना १२ आंकडी यू.ए.एन. क्रमांकच द्यावा, नवा काढूं देऊं नये. ठेकेदाराच्या हाताखालील मजुरासही हा हक्क आहे; ठेकेदारानें भरणा चुकविल्यास मुख्य मालकावर जबाबदारी येते.

४. घरच्यांचा हक्क. सभासद नोकरींत असतांना वारला आणि त्याचा एक महिन्याचा जरी भरणा झालेला असला, तरी विधवेस पेन्शन मिळतें. तिच्यासह एका वेळीं दोन मुलांस २५ व्या वर्षापर्यंत मिळतें. म्हणून वारसाचें नांव नोंदवून ठेवावें. लग्नापूर्वीं नोंदलेलें नांव लग्नानंतर रद्द होतें. तें पुन्हां नोंदवावें लागतें. आधारकार्डावरील नांव व जन्मतारीख आणि फंडांतील नोंद यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढें विधवेस खेपा घालाव्या लागतात. हें काम आजच करावें.

५. लहान कारखान्यांत काय? पेण शहर, हमरापूर, जोहे येथें गणपतीच्या मूर्ति घडविणारीं शेंकडों हातें आहेत. परंतु वीसांहून कमी माणसांच्या कारखान्यास फंडाचें बंधन सहसा नसतें. अशांसाठीं २०१५ सालीं अटल पेन्शन योजना निघाली. १८ ते ४० वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसास बँकेंत किंवा पोस्टांत ती घेतां येते. ६० व्या वर्षापासून महिना १,००० ते ५,००० रुपये ठरल्याप्रमाणें मिळतात, व त्याच्यामागें पत्नीस तितकेच. महिना १,००० च्या पेन्शनसाठीं अठराव्या वर्षीं सुरू करणाऱ्यास दरमहा ४२ रुपये, तिसाव्या वर्षीं ११६, आणि चाळिसाव्या वर्षीं २९१ भरावे लागतात. उशीर किती महाग पडतो, तें यावरून उघड आहे. हप्ता सहामाहीही देतां येतो. मूर्तींचा हंगाम झाल्यावर हातीं पैसा येणाऱ्यास ही सवड मोठी आहे.

या पेन्शनानें सर्व संसार चालेल असें आम्ही म्हणत नाहीं. महागाईबरोबर तें वाढत नाहीं, म्हणून फंडही शक्य तों राखावा. पण नियमानें महिन्यास येणारे दोन हजार रुपये वृद्धाच्या औषधास व मीठमिरचीस पुरतात, आणि त्यास घरांत मान राखून बसतां येतें. वाचतां येणाऱ्यानें हा पाठ न वाचतां येणाऱ्या शेजाऱ्यास वाचून दाखवावा, आणि त्याचा क्रमांक व वारसाचें नांव त्याच्यासमवेत तपासून पाहावें.

प्रश्न : (१) मालकाच्या वांट्याचे दोन भाग कोणते? (२) पेन्शनला किती वर्षें लागतात? (३) काम सुटल्यावर पैशाऐवजीं काय मागावें? (४) आपल्या घरीं वारसाची नोंद झाली आहे काय?