पोल त्यांचा, जागा तुझी

बाळ, गावातला प्लॉट बघायला जाशील तेव्हा दिशा नंतर बघ, आधी मान वर कर. तारा कुठून जातात, पोल कुठे आहे आणि मुख्य म्हणजे त्याचा ताण कुठे गाडलाय, ते पाहून घे. पोल हातभर जागा खातो. ताणाची तार मात्र तिरकी उतरून नेमकी तिथे गाडलेली असते जिथे तुला फाटक हवं असतं. खरेदीखतात यातलं अक्षर नसतं, आणि गल्लीतल्या साध्या लाइनीची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांतही सहसा सापडत नाही. म्हणून सौदा ठरण्याआधी टेप लावून फोटो काढ. पोलवर नंबर रंगवलेला असेल तर तो फोटोत यायला हवा.

लाइन ओढू दिली म्हणजे जागा विकली असं होत नाही. मालक तूच राहतेस. पण जमीन तुझी म्हणून पोलही तुझा, असंही समजू नकोस. लाइन कधीच बंद झालीय, नुसता लोखंडी पोल उभा आहे, भंगारवाल्याला बोलावू, असं सांगणारे शहाणे प्रत्येक आळीत असतात. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३६ मध्ये विनापरवाना पोल कापून नेणं ही सरळ चोरी आहे, तीन वर्षांपर्यंतची कैद.

मग करायचं काय? नवा पोल येत असेल तर खड्डा घेण्याआधी हरकत दे. नंतर हळहळून उपयोग नाही, आणि वायरमनशी भांडून तर मुळीच नाही. तो बिचारा सांगितलेलं काम करतो. केंद्राचे २००६ चे नियम आहेत. त्यांत खासगी जागेत काम करायला मालकाची किंवा राहणाऱ्याची आधी संमती लागते. हरकत घेतली, तर वीज कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांची किंवा पोलीस आयुक्तांची लेखी परवानगी आणावी लागते. ‘साहेबांना फोनवर सांगितलंय’ ही हरकत नव्हे. अर्ज दोन प्रतींत कर, आवक शाखेत दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. ‘उद्या या’ म्हणाले तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठव. सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी झाली. शिक्का नसलेला अर्ज तिथे कुणालाच आठवत नाही.

आणि आधीच उभा असलेला पोल? त्याच नियमांत तीही वाट आहे, लोकांना ती माहीत नसते. सबळ कारण दाखवलं तर पोल, आधार, ताण हलवण्याचा किंवा काढण्याचा लेखी आदेश जिल्हाधिकारी कधीही देऊ शकतात. घराचा मंजूर नकाशा, त्यावर लाल पेनाने पोलची जागा, सोबत फोटो, असं कारण मांड. आधी सेक्शन ऑफिसला अर्ज करून स्थलांतराचं इस्टिमेट माग. खर्च बहुतेक वेळा आपल्याच माथी येतो, हे आधीच मनाशी धर. बंद लाइनीचा पोल असेल तर मात्र ‘लाइन बंद आहे, साहित्य काढून न्यावे’ एवढंच लिही. पैसे द्यायची तयारी आपण होऊन दाखवू नकोस.

मोबाइलवर एक निरोप फिरतो: शेतात डीपी असेल तर कलम ५७ प्रमाणे दरमहा दोन ते पाच हजार भाडं मिळतं. त्याच्या नादी लागू नकोस. कलम ५७ आहे सेवेच्या दर्जाबद्दल, भाड्याचा तिथे उल्लेखच नाही. भरपाई किंवा वार्षिक भाडं ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण तो आदेश देताना, दोन्ही बाजू ऐकून. तो आदेश पटला नाही तर वीज नियामक आयोगाकडे जाता येतं. वाहिनीच्या मोठ्या मनोऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे कलम १६४ मधून कंपनीला जुन्या तारायंत्र कायद्याचे अधिकार मिळू शकतात, तेव्हा संमतीचा मुद्दा लंगडा पडतो आणि लढाई उरते ती भरपाईची.

माडी चढवताना तारेचं अंतर मोज. अकरा केव्हीची उघडी तार असेल तर आडवं १.२ मीटर आणि डोक्यावर ३.७ मीटर मोकळं लागतं. अंतर कमी पडत असेल तर काम सुरू करण्याआधी वीज कंपनीला लेखी कळव. गवंडी म्हणेल, ‘होतंय हो ताई.’ लोखंडी सळई हातात घेऊन स्लॅबवर उभा राहणारा तोच असतो, त्याच्यासाठी तरी थांबव.

झाडाचं राहिलं. लाइन येण्याआधीपासून उभं असलेलं झाड दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तोडलं, तर कलम ६८ प्रमाणे वाजवी भरपाई मिळते. नंतर लावलेल्या झाडाला ती नाही. आपला परसातला आंबा लाइनीच्या आधीचा हे सांगणारी गावात दोन-तीनच माणसं उरलीत. त्यांचे जबाब या दिवाळीतच लिहून, सह्या घेऊन ठेव.