परसातील चिचुंद्री

इंग्लंडातील लोक रात्री बागेत येणाऱ्या हेजहॉग नामक काटेरी प्राण्याची वाट पाहत बसतात, हे तुम्ही वाचले असेल. पूर्वी ते त्याच्यापुढे दुधाची बशी ठेवीत. दूध त्यास पचत नाही हे कळल्यावर आता जाणते लोक पाणीच ठेवतात. आपल्या वाशीमच्या परसात हा पाहुणा येणार नाही. पण त्याची एक दूरची आप्त रोज रात्री येते आणि तिचे स्वागत आपण काठीने करतो. ती म्हणजे चिचुंद्री.

चिचुंद्री ही उंदरांच्या कुळातली नव्हे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्यास सतत काही तरी कुरतडावे लागते. हिचे दात टोकदार, किडे धरण्याजोगे. झुरळे, किडे, गांडुळे हे तिचे मुख्य अन्न. (उघड्या अन्नास ती तोंड लावते, हेही खरे.) लिनिअस ह्या स्वीडिश पंडिताने १७६६ साली तिला 'उंदरासारखी' अशा अर्थाचे नाव दिले, उंदरांत मात्र तिची गणना केली नाही. तिच्या कुशीतील ग्रंथींना उग्र दर्प येतो. बहुधा त्यानेच तिची अपकीर्ती झाली. किप्लिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुका'त चुचुंद्रा नावाचे भित्रे पात्र आहे. खोलीच्या मध्यावर येण्याचा त्याला धीर होत नाही. हे निरीक्षण मार्मिक आहे. दृष्टी अधू असल्याने चिचुंद्री भिंतीच्या कडेकडेने, मिशांनी चाचपत चालते.

माझी एक चूक सांगतो. एका पावसाळ्यात मी धान्याच्या खोलीत उंदरांसाठी पिंजरा लावला. सकाळी आत चिचुंद्री मरून पडलेली. अंगावर जखम नाही, आमिषाचा कांदा तसाच. तिच्या देहात अन्न इतक्या झपाट्याने जळते की थोड्या थोड्या वेळाने खाल्ल्यावाचून ती जगत नाही. त्या सायंकाळी सरपणामागून बारीक चिरचिर ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी ती थांबली. तेव्हापासून पिंजरा लावला तर मी रात्रीतून दोनदा उठून पाहतो. विषाच्या गोळ्या तर घरात आणीतच नाही.

तुम्हांस तिला पाहावयाचे असेल, तर दिवा मंद करून मोरीपासून दूर, स्तब्ध बसा. खाऊ घालण्याची गरज नाही. परसाच्या कोपऱ्यात पालापाचोळा राहू द्या, म्हणजे किडे आपोआप होतात. हात मात्र लावू नका. ती चावते आणि तिच्या अंगावरील पिसवांतून रोग येऊ शकतात.

गेल्या श्रावणात मुसळधार पावसाने तिचे बीळ भरले, तेव्हा मी पडवीत होतो. आई पुढे, पहिल्या पिल्लाने तिच्या शेपटीच्या मुळाशी तोंडाने धरलेले, दुसऱ्याने पहिल्याला, तिसऱ्याने दुसऱ्याला. अशी ती माळ भिंतीकडेने चालली होती. पायरीपाशी शेवटचे सुटले व चिरकू लागले. आई थांबली, सारी माळ घेऊन मागे वळली, आणि ते पुन्हा चिकटल्यावरच सरपणाकडे गेली.