आजीच्या पायांतले बळ

पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बायका आपण नेहमी पाहतो. त्यांत साठीच्या पुढच्याही असतात. अशा एखाद्या आजीला विचारा, "आजी, बरी आहेस ना?" ती म्हणेल, "मला काय धाड भरलीय!"

पण घरी हीच आजी उठताना खांब धरते. पायरी आली की थांबते. घरची माणसं म्हणतात, "वय झालं, चालायचंच." बळ एका दिवसात जात नाही. थोडे थोडे जाते, म्हणून दिसत नाही. मग आजी मोरीत पडते, खुब्याचे हाड मोडते, तेव्हा सगळे जागे होतात.

ताप मोजतात तसे बळही मोजता येते. एक बिनहाताची खुर्ची घ्या. ती साधारण हातभर उंच असावी. भिंतीला टेकवून ठेवा. आजीला बसवा आणि हात छातीवर आडवे घ्यायला सांगा. तिने पूर्ण उभे राहायचे, पुन्हा बसायचे. ३० सेकंदांत किती वेळा उठली ते मोजा. हाताचा टेकू घ्यावा लागला तर शून्य मांडा. शून्य आले म्हणून हसू मात्र नका.

आता खुर्चीपासून १० फुटांवर रेघ ओढा. उठायचे, रोजच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, परत येऊन बसायचे. काठी लागत असेल तर घ्यावी. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात. मोजताना एकाने जवळ उभे राहावे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर मोजूच नये.

मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिने २०१७-१८ साली देशभरातल्या ४५ वर्षांच्या वरच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची, अशा ७२,००० हून अधिक जणांची पाहणी केली. त्यांना नुसते प्रश्न विचारले नाहीत. हाताची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला.

बळासारखीच रोजची हालचालही मोजावी. "व्यायाम करतेस का?" असे विचारू नका. आजी "नाही" म्हणेल, आणि अंगण तर तिनेच झाडलेले असते! काल काय काय केले, किती वेळ केले, असे विचारा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हाताऱ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे दम थोडा वाढेल अशी हालचाल करावी. भातलावणीत ती सहज होते. उन्हाळ्यात होतेच असे नाही. म्हणून दोन्ही वेळा विचारावे.

आमच्या मते शेजारच्या म्हातारीशी तुलना करू नये. आजीचा आजचा आकडा तिच्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहावा. तारीख घालून तो वहीत लिहा. आता आपल्याला लिहिता येते. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. बळ घटत असेल तर वही घेऊन आजीला आरोग्य केंद्रात न्या. तिची औषधेही बरोबर घ्या, कारण कधी कधी एखाद्या गोळीनेही तोल जातो.