वीतभर मोटार

अमेरिकेत डेट्रॉइट नावाचे शहर आहे. मोटारींचे शहर म्हणून ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. फोर्ड, शेवरलेट, कॅडिलॅक ही नावे तिकडचीच. आपल्या मुंबईशीही ह्या गाड्यांचा संबंध आला. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने शिवडीला कारखाना काढला. परदेशातून सुटे भाग बोटीने येत आणि शिवडीला त्यांची मोटार जोडली जाई. १९५४ साली तो कारखाना बंद झाला.

पण हा पाठ मोठ्या मोटारीचा नाही. वीतभर मोटारीचा आहे. ह्या मोटारीत माणूस बसत नाही. तिला पेट्रोल लागत नाही. पण चाके, दिवे, इंजिन सारे कसे हुबेहूब! अमेरिकेत मोठी माणसेसुद्धा अशा गाड्या तयार करतात आणि जपून ठेवतात. तुम्ही म्हणाल, "हा तर पोरखेळ झाला!" थांबा. आधी त्यातला हिशेब बघा.

प्रमाण म्हणजे काय?

साध्या खेळण्यात चाक मोठे झाले, दार लहान झाले, तरी पोराचे काही अडत नाही. प्रतिकृतीचे तसे नाही. प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूसारखीच केलेली दुसरी वस्तू. ती लहान करायची तर प्रत्येक भाग सारख्याच पटीने लहान करावा लागतो. ह्याला प्रमाण म्हणतात. नकाशात शेत प्रमाणाने लहान काढतात, तसेच हे.

अमेरिकेत पंचविसास एक हे प्रमाण फार चालते. म्हणजे खऱ्या गाडीचे २५ इंच, तर लहान गाडीचा १ इंच. १९५७ सालची शेवरलेट बेल एअर गाडी २०० इंच लांब होती. २०० ला २५ ने भागा. उत्तर आले ८. म्हणून प्रतिकृती ८ इंच लांब. १९५९ सालची कॅडिलॅक तर २२५ इंच लांब! तिच्या मागच्या बाजूला माशाच्या परासारखे दोन उंच पंख होते. तिची प्रतिकृती ९ इंचांची, म्हणजे बरोबर वीतभर.

आता चुकीचा हिशेब करू. सुताराला सूत ठाऊक असते. ८ सुतांचा १ इंच. लहान गाडीत एका सुताची चूक झाली, तर खऱ्या गाडीत ती २५ सुतांची ठरते. म्हणजे ३ इंच १ सूत. एवढे दार वाकडे बसले, तर ती मोटार कोण घेईल? म्हणून हे काम नजरेचे आणि मापाचे आहे.

गिऱ्हाइकाच्या पोरासाठी गाडी

डेट्रॉइट भागात १९४८ साली ए.एम.टी. नावाची कंपनी निघाली. तिची पहिली लहान मोटार ॲल्युमिनियमची होती. पुढे ती प्लास्टिकच्या गाड्या करू लागली. मोटार विकणारे दुकानदार ह्या गाड्या घेत. नव्या मोटारीचा रंग आणि घाट गिऱ्हाइकाला दाखवीत. गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातातही एक देत. मुलगा खूश, तर बाप खूश! धंद्याची ही युक्ती चांगली चालली.

१९५८ साली ह्याच कंपनीने सुट्या भागांची पेटी विकायला काढली. एका पेटीतून तीन तऱ्हांची गाडी करता येई: कारखान्यातून निघते तशी, आपल्या आवडीने सजवलेली, किंवा शर्यतीची. करायची मात्र एकच. कोणती, ते आपणच ठरवायचे.

गाडी कशी जोडतात?

पेटीत एक कागद असतो. त्यावर चित्रे आणि आकडे असतात. प्रत्येक भागाला नंबर असतो. प्रथम तो कागद शेवटपर्यंत वाचायचा. ज्याला वाचता येते, त्याला दुसऱ्याचे तोंड बघावे लागत नाही.

मग भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, म्हणजे तेलकटपणा जातो आणि रंग नीट धरतो. भाग पिळून तोडायचा नाही, कापून काढायचा. कड कानशीने घासायची. चिकटवण्याआधी भाग नुसता बसवून बघायचा. डिंक थेंबभरच लावायचा. हा आपला झाडाचा डिंक नव्हे. हा प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. जास्त झाला तर गाडीच बिघडते. काचेला लागला तर काच पांढुरकी होते.

एक गोष्ट विसरू नये. ह्या डिंकाची आणि रंगाची वाफ बाधते. खिडकी उघडी ठेवूनच काम करावे. जवळ विस्तव नको. बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

हाताच्या कामावर शिक्षण

जनरल मोटर्सची फिशर बॉडी नावाची शाखा होती. १९३० साली तिने मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. आधी नेपोलियन बादशहाच्या घोडागाडीची प्रतिकृती करायची असे. पुढे मुलाने स्वतःच्या कल्पनेची मोटार करायची, असे ठरले. प्रमाण बारास एक. म्हणजे एक फुटाला एक इंच. काम मुलाने स्वतःच करायचे. परीक्षक घाट बघत आणि हाताची सफाई बघत.

बक्षीस काय? कॉलेजच्या शिक्षणासाठी पैसे! लाकूड, कानस, रंग आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर एखाद्या मुलाची पुढची वाट उघडे. काही मुले पुढे मोटारींचे आराखडे काढणारी झाली. पण एक उणेही होते. ह्या स्पर्धेत मुलींना भाग घेता येत नसे. किती चांगले हात त्यामुळे बाहेर राहिले असतील! १९६८ साली ही स्पर्धा बंद झाली.

जुन्या गाड्या का जपायच्या?

स्टुडबेकर भावांनी १८५२ साली लोहारकामाचे आणि गाड्यांचे दुकान काढले. ते आधी घोड्यांच्या गाड्या करीत. त्यांची कंपनी पुढे मोटारी करू लागली. १९६६ साली तिची शेवटची मोटार निघाली. हडसन आणि पॅकार्ड ही नावे त्याआधीच बंद झाली होती. खऱ्या गाड्या बहुतेक भंगारात गेल्या. त्यांचा घाट आता फळीवरच्या लहान गाड्यांतही उरला आहे.

पण ह्या गाड्याही आपोआप टिकत नाहीत. १९५० नंतरच्या दहा वर्षांतल्या पुष्कळ गाड्यांचे प्लास्टिक कालांतराने वाकले. म्हणून सरळ राहिलेल्या गाडीला मोल जास्त. मूळ पेटी असेल तर आणखी जास्त. जाणता माणूस गाडी उन्हात ठेवत नाही, तापलेल्या माळ्यावर टाकत नाही. धूळ मऊ कुंचल्याने झाडतो. आणि गाडीचे नाव, साल, प्रमाण चिठ्ठीवर लिहून ठेवतो. चिठ्ठी नसेल, तर पुढच्या पिढीला ते नुसते खेळणे वाटेल.

विचार करा व लिहा

१. खेळणे आणि प्रतिकृती ह्यांत फरक काय?
२. तुमची बैलगाडी मोजा. बारास एक ह्या प्रमाणात तिची लांबी किती इंच होईल?
३. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू आहे का? तिचे नाव, ती कोणाची होती आणि केव्हाची, हे चिठ्ठीवर लिहा.