सहभागिता : ख्रिस्ती जीवनाची एक गरज



उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीचे वर्णन लक्षपूर्वक वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. प्रकाश, भूमी, वनस्पती, प्राणी ही देवास चांगली दिसली. परंतु जे बरे नाही असे त्याने प्रथम म्हटले, ते मनुष्याचे एकटेपण होय. पाप जगात शिरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे विसरता कामा नये. अर्थात सोबतीची गरज हा मनुष्याचा दुबळेपणा नव्हे. त्याची घडणच तशी आहे.

सहभागिता म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेऊ. नव्या करारात यासाठी जो ग्रीक शब्द योजिला आहे, तो ‘कोइनोनिया’ हा होय. ‘सामाईक’ या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला आहे. लूककृत शुभवर्तमानात याकोब व योहान यांस शिमोनाचे भागीदार म्हटले आहे. तेथील मूळ शब्द याच कुळातील आहे. जाळे भरून आले तर मासळी सर्वांची, आणि रात्रभर राबून काही हाती न लागले तर तो तोटाही सर्वांचा, अशी ही भागी. आपल्याकडे शेतकरी सावडीने कामे करीत. आज एकाच्या वावरात सर्वांनी राबावे, उद्या दुसऱ्याच्या. ज्याने हे पाहिले आहे, त्यास सहभागितेचा अर्थ कळण्यास कोशाची गरज नाही. रविवारी एका बाकावर बसणे, ही केवळ शेजारी बसण्याची गोष्ट झाली. एकमेकांच्या भाराखाली खांदा देणे, ही सहभागिता.

प्रत्यक्ष प्रभू येशूचे चरित्र पाहा. त्याने बारा जणांस निवडले, ते प्रथम आपल्या सोबत असावेत म्हणून, आणि मग उपदेशास पाठवावे म्हणून. पाठविताना त्याने दोघादोघांस पाठविले. गेथशेमाने बागेत अत्यंत क्लेशाच्या घटकेस त्याने तिघा शिष्यांस जवळ घेऊन जागे राहण्याची विनंती केली. ते झोपी गेले, तेव्हा त्यास वाईट वाटले. देवपुत्राने जी सोबत मागितली, ती मागण्यास आपण कां लाजावे? त्याने शिकविलेल्या प्रार्थनेत ‘मी’ व ‘माझे’ हे शब्द मुळीच नाहीत. कोठडीचे दार लावून प्रार्थना करणारा मनुष्यही ती म्हणताना सर्व भावंडांस सोबत घेऊनच पित्याजवळ जातो. प्रभू प्रार्थनेसाठी डोंगरावर एकटा जात असे, हे खरे; परंतु तेथून तो पुन्हा लोकांत उतरत असे. एकांत आणि एकाकीपणा यांतील भेद येथे दिसून येतो.

या गरजेचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात सापडते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने संभाषण केले व नव्या कराराची प्रत दिली. तेथून त्यांच्या जीवनाची दिशा पालटली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याबरोबर आप्तसंबंध तुटले, आणि पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा यांचाही काही वर्षे वियोग घडला. लक्ष्मीबाईंनी त्या दिवसांचे दुःख ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात नोंदविले आहे. पुढे त्या अहमदनगरास आल्या, तरी आरंभी सोवळेओवळे पाळून निराळा स्वयंपाक करीत. टिळकांनी सक्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातील भेद आपोआप गळून पडले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. वादविवादाने जे सहसा साधत नाही, ते धीराच्या सहवासाने साधले, हा यातील धडा होय.

टिळकांचे समाधान मात्र घरापुरते नव्हते. ख्रिस्ती मंडळी आपल्या देशबांधवांपासून तुटून निराळी पडत आहे, याची त्यांस खंत होती. म्हणून त्यांनी भजन व कीर्तन ही आपल्या मातीतील रूपे उपासनेत आणली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तथापि ज्या भुकेतून तो निर्माण झाला, ती भूक खोटी नव्हती.

आपल्या यवतमाळासही या विषयात मान आहे. १९५३ साली अनेक मंडळ्या व मिशने यांच्या सहकार्याने येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली व १९८३ साली ती पुण्यास गेली. या तीस वर्षांत देशाच्या नाना प्रांतांतील, नाना भाषा बोलणारे विद्यार्थी कपाशीच्या या लहानशा गावी एकत्र राहून शिकले. पंथ निराळे, चालीरीती निराळ्या, तरी पंगत एक!

आता हा विषय आपल्या दारापर्यंत आणू. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कितीतरी घरे उजाड झाली आहेत. कर्ज, नापिकी, पडलेले भाव ही कारणे खरी आहेत, आणि केवळ गोड शब्दांनी ती नाहीशी होणार नाहीत. पण संकटातील मनुष्यास आपला भार कोणापाशी बोलून दाखविता आला नाही, तर तो भार दुप्पट होतो. लाजेने मिटलेले दार बाहेरून कोणीतरी ठोठवावे लागते. ते ठोठवणारा ख्रिस्ती मनुष्य नसेल, तर त्याच्या उपासनेस काय अर्थ राहिला?

म्हणून विद्यार्थिमित्रहो, तीन गोष्टी मनाशी धरा. वसतिगृहात वा वर्गात जो मुलगा एकटा जेवतो, त्याच्याजवळ आपले ताट घेऊन बसा. ज्याच्या घरी दुःख घडले, त्याच्याकडे पहिल्या दिवशी सर्वच जातात. तुम्ही महिन्यानेही जा. आणि स्वतःचे मन जड झाले असता ते शिक्षक, पाळक वा विश्वासू मित्र यांपाशी मोकळे करा; त्यात कमीपणा नाही. चुलीतून बाजूस काढलेला निखारा थोड्याच वेळात काळा पडतो. तोच पुन्हा निखाऱ्यांत सारला असता फुलतो. मंडळीत असा एकही निखारा बाजूस पडू नये, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.